सूर्योदय पाहायचा तर सूर्याकडे पाठ करा

ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर, लाल मातीच्या सपाट वाळवंटात उलुरू नावाचा प्रचंड खडक एकटाच उभा आहे. जमिनीपासून ३४८ मीटर उंच, आणि भोवती फेरी मारायची तर दहा किलोमीटरची पायपीट. वालुकाश्मातल्या लोहाला गंज चढल्यामुळे तो तांबूस दिसतो आणि पहाटेच्या उन्हात काही मिनिटं पेटून उठतो. ती मिनिटं पाहायला जगभरातून माणसं येतात. कुणी पायी, कुणी उंटावरून, कुणी बसने. प्रकार कोणताही असो, सूर्य उगवतो तेव्हा तिथली गर्दी सूर्याकडे बघत नसते. सूर्योदयासाठी मुद्दाम तयार केलेली, २००९ साली खुली झालेली जागा खडकाच्या आग्नेयेला, चांगली लांब, वाळूच्या टेकाडावर आहे. सूर्यास्ताची जागा निराळी, ती दुसऱ्या अंगाला. दोन्हीकडे सूर्य पाठीशी आणि खडक समोर. खडकावर चढायला तर २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंदी आहे. ही जागा पवित्र मानणाऱ्या अनंगू लोकांची ती जुनी मागणी होती, आणि तोवर चढण्याच्या नादात ३५ हून अधिक माणसं दगावली होती. बंदी लागू होण्याआधी शेवटची संधी म्हणून चढणाऱ्यांची रीघ लागली. पण इतकी धडपड करून माथ्यावर पोचलेल्या माणसाला एक गोष्ट काही केल्या दिसत नव्हती, ती म्हणजे उलुरू.

आपल्याकडे गडावरून सूर्योदय पाहण्याची हौस गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. रात्री दोन-अडीचला पायथा गाठायचा, कपाळाला टॉर्च बांधून अंधारात चढायचं, माथ्यावर पूर्वेकडची कडा पकडून बसायचं आणि उगवतं बिंब मोबाइलमध्ये पकडायचं. रायगड जिल्ह्यात गडांना तोटा नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी हा कार्यक्रम ठरलेला. त्यातल्या हौसेबद्दल, अंगमेहनतीबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते जागेबद्दल. कोकणात, त्यातही पेण-रोह्याच्या पट्ट्यात, पहाटेचा खरा देखावा गडाच्या माथ्यावर नसतो. तो दिसतो खाली, खाडीकाठच्या बांधावर, पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिल्यावर. विधान उफराटं वाटेल, म्हणून आधी थोडा भूगोल आणि थोडं गणित पाहू.

दिनदर्शिकेत छापलेली सूर्योदयाची वेळ ही क्षितिज सपाट आहे असं धरून काढलेली असते. मुंबईची वेळ आणि पेणची वेळ यांत फारसा फरक नाही. जूनच्या सुरुवातीला साधारण सहा, जानेवारीच्या मध्याला सव्वासात. पण पेणमध्ये त्या वेळेला सूर्य दिसत नाही, कारण पूर्वेला क्षितिज नाही, डोंगर आहे. आधी जवळच्या टेकड्या, त्यांच्यामागे तीसेक किलोमीटरवर घाटमाथ्याची सात-आठशे मीटर उंचीची भिंत. आपल्या अक्षांशावर उगवता सूर्य एक अंश वर चढायला सव्वाचार ते साडेचार मिनिटं घेतो. घाटमाथा दीड अंशाचं आकाश झाकतो, म्हणजे सहा-सात मिनिटं तिथेच गेली. आता समजा, एखाद्याचं घर अडीचशे मीटर उंच टेकडीपासून दोन किलोमीटरवर आहे. ती टेकडी सात अंश आकाश खाते, आणि त्या अंगणात ऊन यायला दिनदर्शिकेपेक्षा तब्बल अर्धा तास उशीर होतो. तोच माणूस पश्चिमेला खाडीच्या दिशेने आठ किलोमीटर सरकला, तर टेकडी खुजी होते आणि त्याला सूर्य वीस-पंचवीस मिनिटं आधी दिसतो. पृथ्वीच्या गोलाईच्या हिशोबाने आठ किलोमीटर पश्चिमेला सूर्योदय अठरा-एकोणीस सेकंद उशिरा व्हायला हवा. डोंगर तो हिशोब पार उलटा करून टाकतो.

याचा अर्थ असा, की पेणच्या सपाटीवर ऊन पूर्वेकडून पसरत येत नाही. डोंगराची सावली आधी खाडीकाठावरून उठते, मग शेतांवरून, मग गावावरून आणि सगळ्यात शेवटी डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवरून. उन्हाची कड पश्चिमेकडून चालत पूर्वेला येते. इथली माणसं हे रोज बघतात, पण सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेत इतकं पक्कं झालेलं असतं, की ऊन मात्र पश्चिमेकडून येतं हे डोळ्यांसमोर असूनही जाणवत नाही.

रंगाचा हिशोब याहून महत्त्वाचा आहे. सूर्य अगदी क्षितिजावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश, डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत, जवळपास अडतीसपट हवा ओलांडून येतो. वाटेत निळा रंग विखरून जातो आणि उरतो तो तांबडा-केशरी. सूर्य दीड अंश वर आला की हे प्रमाण वीस-पंचवीस पटींवर उतरतं. सात अंशांवर जेमतेम आठ पट. म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला सूर्य दिसतो तेव्हा त्याची लाली सरलेली असते, डोळे दिपवणारं पांढरट बिंबच वर येतं. मग ती लाली जाते कुठे? ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे निघून गेलेली असते. पेण आणि वडखळच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, आणि खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातले कनकेश्वर आणि सागरगडाचे डोंगर. दोन्हींची उंची साधारण चारशे मीटर. घाटमाथ्यापासून ते पंचेचाळीसेक किलोमीटर लांब आणि स्वतः उंच, त्यामुळे त्यांच्या माथ्याला घाटाची भिंत अर्धा अंशसुद्धा आडवी येत नाही. दिनदर्शिकेतल्या वेळेनंतर दोन-तीन मिनिटांत पहिलं तांबडं ऊन त्या माथ्यांवर पडतं. त्या वेळी पेण अजून सावलीत असतं, बांधावरचा माणूसही सावलीत असतो, आणि समोरचा डोंगर वरून खाली रंगत येतो.

उलुरूला चौथरा बांधून जे साधलं, ते इथे भूगोलाने आयतं दिलं आहे. वाळवंटाचा मोठा गुण म्हणजे मोकळं, सपाट क्षितिज. आपल्याकडे वाळवंट नाही, पण खारेपाट आहे. पातळगंगा आणि अंबा या नद्यांच्या मुखांकडची ही सपाटी एके काळी समुद्राची होती. पिढ्यान् पिढ्या इथल्या आगरी शेतकऱ्यांनी चिखलाचे बांध घालून ती भातशेतीखाली आणली. काही भागात मिठागरं होती, आणि पेणचं मीठ नि भात अंतोऱ्याच्या बंदरातून गलबतांनी बाहेर जात असे. बाहेरच्या बाजूचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा. त्यात ठिकठिकाणी उघाडी असते. उघाडीची लाकडी झडप बाहेरच्या अंगाला उघडते. ओहोटीला आतलं गोडं पाणी तिला ढकलून खाडीत जातं, भरती चढली की खाऱ्या पाण्याच्या दाबानेच ती मिटते. बाहेरकाठ्यावर उभं राहिलं की एका अंगाला कापणी झालेली खाचरं, दुसऱ्या अंगाला चिखल, तिवरं आणि खाडीचं पाणी. नजरेच्या आड येणारं झाड नाही, घर नाही. कोकणात इतकं मोकळं आभाळ एक तर समुद्रकिनाऱ्यावर मिळतं नाही तर इथे. आणि किनाऱ्यावर पश्चिमेला पाण्याशिवाय काही नसतं, ऊन झेलायला डोंगर नसतो.

सूर्य उगवण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच पश्चिमेला काही घडायला लागतं. डोंगराच्या रेषेवर करडा-निळा पट्टा दिसतो, आणि त्याच्यावर फिकट गुलाबी पट्टा. खालचा करडा पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची सावली, वातावरणावर पडलेली. सूर्य जसजसा क्षितिजाकडे येतो तसतशी ती खाली सरकते आणि शेवटी कनकेश्वराच्या मागे बुडते. हे दृश्य स्वच्छ आकाशाच्या प्रत्येक पहाटे फुकट दिसतं, आणि पूर्वेकडे टक लावून बसलेल्या गर्दीतल्या एकालाही ते दिसत नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची पहाट असेल तर याच बाजूला मावळतीचा चंद्रही असतो. आपल्या अक्षांशावर हा संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असल्यापासून उगवेपर्यंत बावीस-चोवीस मिनिटं, बस्स. ती मिनिटं दगड-धोंड्यांकडे बघत चढण्यात घालवायची का, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप गडप्रेमींचा येणार: उंचावरून दूरचं दिसतं, म्हणून सूर्यही आधी दिसतो. सपाट प्रदेशात हे खरं आहे. तीनशे मीटर उंचावरून क्षितिज अर्धा अंश खाली जातं आणि सूर्य दोनेक मिनिटं आधी दिसतो. पण त्यासाठी समोर समुद्र किंवा मैदान लागतं. रोह्याजवळचा अवचितगड सुमारे तीनशे मीटरचा. त्याच्या पूर्वेला त्याच्या दुपटीहून उंच घाटमाथा उभा. तिथून क्षितिज खाली जात नाही, वरच राहतं. दुर्गराज रायगडाची उंची आठशे मीटरच्या वर, तरी त्याच्याही पूर्वेला लिंगाणा आणि त्यामागे तोरणा-राजगडाची शिखरं. तो देखावा भव्य आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र तो देखावा तोरण्या-राजगडाच्या काळ्या बाह्यरेषांचा आहे, रायगडाचा नाही. शिवछत्रपतींच्या राजधानीवर जायला सूर्योदयाचं निमित्त कशाला हवं? जगदीश्वराचं देऊळ, समाधी, बाजारपेठ, हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख, हे सगळं नीट पाहायचं तर भरपूर उजेड आणि न पेंगणारे डोळे लागतात. रात्रभर जागून चढलेली माणसं उजाडल्यावर फोटो काढतात आणि आठ वाजता उतरायला लागतात. गडाचा याहून मोठा अपमान सहसा होत नाही.

शिवाय गिरिभ्रमण करणाऱ्यांच्या जगात जे सर्वांत दुर्मीळ दृश्य मानलं जातं, ते पाहायलाही सूर्याकडे पाठच करावी लागते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारं इंद्रवज्र म्हणजे संपूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यभागी बघणाऱ्याची सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली त्याची नोंद केली. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य मागून येतो, खाली दरीत धुकं असतं आणि वर्तुळ त्या धुक्यावर उमटतं. पूर्वेकडे बघत बसणाऱ्याला ते जन्मात दिसणार नाही. दार्जिलिंगच्या टायगर हिलवर पहाटे चारला जीपच्या रांगा लागतात त्या सूर्यासाठी नव्हे, कांचनजंगा गुलाबी होताना पाहायला. तिथे आपलीच मराठी मंडळी बिनतक्रार योग्य दिशेला बघतात. घरी आल्यावर मात्र पुन्हा पूर्वेकडची कडा शोधतात.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं, नमस्कार घालायचा, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवायला सांगता? अर्घ्य जरूर द्यावं. त्याला दोन मिनिटं लागतात. पण प्रकाश कुठून येतो यापेक्षा तो कुठे पडतो हे पाहण्याची परंपराही आपल्याकडे काही कमी नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, तसंच ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. त्या वेळी मंडपातला एकही भाविक मागे वळून सूर्याकडे बघत नाही, आणि त्याने सूर्याचा अवमान झाला असं कुणी म्हणत नाही. डोळ्यांच्या दृष्टीने तर हे हिताचंच. डोंगराआडून उशिरा वर येणारं बिंब प्रखर असतं. त्याकडे टक लावणं नेत्रपटलाला बरं नाही, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही ते झेपत नाही. समोर सूर्य ठेवून काढलेल्या फोटोत सोबतच्या माणसांचे चेहरे काळेठिक्कर येतात, हा अनुभव कुणाला नाही?

एका ठिकाणी मात्र माझं म्हणणं मागे घ्यावं लागतं, आणि ते ठिकाण म्हणजे कर्नाळा. पेणच्या उत्तरेला, अभयारण्याच्या माथ्यावर उभा असलेला तो बेसॉल्टचा सुळका अंगठ्यासारखा आभाळात घुसलेला आहे. त्याच्या पश्चिमेला उभं राहून, उजळणाऱ्या पूर्वेवर त्याची काळी आकृती बघण्यात जी मजा आहे ती त्याच्यावर ऊन पडल्यावर उरत नाही. रुंद, पसरट डोंगराला अंगावर पडणारं ऊन शोभतं, तर सुळक्याला मागचा उजेड. डोंगराची ठेवण बघून उभं राहण्याची बाजू ठरवावी.

तिसरा आक्षेप सगळ्यात व्यवहारी आणि म्हणून सगळ्यात वजनदार: खारेपाटात आहे काय? चहाची टपरी नाही, कठडा नाही, बांधावर चिखल, डास, तिवरांचा कुबट वास. वडखळच्या बाजूला महामार्गाची वर्दळ आणि डोलवीच्या कारखान्याचे दिवे. थंडीत तर धूर-धुक्याचा असा पडदा पसरतो की कनकेश्वर पुसट होतो. हे सगळं मान्य. यांतल्या शेवटच्या अडचणीवर निसर्गाचा थोडा उतारा आहे: हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि तो जरा जोरात असेल तर खाडीवरची हवा धुऊन निघते. पावसाळ्याचे चार महिने मात्र हा विषयच बंद ठेवावा. तेव्हा ढगांतून सूर्य दिसत नाही आणि बांधावर पाऊल ठरत नाही. बाकी टपरी आणि कठडा नाही हे उणं आहे की अधिक, यावर मतभेद होऊ शकतात. जिथे कठडा येतो तिथे पाठोपाठ वाहनतळ, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि भोंगा येतो, हा आपला आजवरचा अनुभव आहे. सूर्योदयाला कोण येतं यावर गावाचा चार पैशांचा फायदा ठरतो हेही खरं. पण पायथ्याच्या गावात अंधारात येऊन अंधारातच गड चढणारा माणूस तरी तिथे काय खर्च करतो? सकाळी आठ वाजता बांधावरून परतून वडखळ नाक्यावर किंवा पेणमध्ये न्याहारी करणारा त्यापेक्षा जास्त करेल.

रोह्याकडे हाच नियम थोडा फिरवून लावावा लागतो. तिथे खाडीसारखी सपाटी नाही, कुंडलिकेचं खोरं आहे. पण सूर्याची चाल इथे मदतीला येते. आपल्या अक्षांशावर उगवतीची जागा वर्षभरात बरोबर पूर्वेच्या दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस अंश सरकते. २३ सप्टेंबर ते २० मार्च या काळात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेकडेच उगवतो, आणि कोकणातले निरभ्र दिवसही नेमके याच काळातले. म्हणजे ज्या महिन्यांत काही दिसण्याची आशा आहे त्या महिन्यांत गडाच्या आग्नेय अंगावर ऊन पडतं. अवचितगड कुंडलिकेच्या उत्तरेला आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या, नदीकाठच्या शेतांतून पाहिलं तर डिसेंबर-जानेवारीत तटाकडची बाजू उजळलेली मिळते. मग न्याहारी करून, सावकाश, उजेडात गड चढावा. माथ्यावरचं बारा कोनांचं टाकं आणि तोफा दुपारीही तिथेच असतात.

ज्यांना बांधावर जाऊन पाहायचं आहे त्यांनी आणखी एक हिशोब शिकून घ्यावा, तो कोळ्यांचा आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. खाडीत आतवर ती थोडी उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असलं तरी भरती दुपारी बाराच्या आसपास येते, त्यामुळे पहाटे खाडीत नुसता चिखल दिसतो, आणि त्या चिखलावर बगळे, तुतारी, शेकाटे टिपत असतात. पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर अष्टमी-नवमी धरावी, पक्षी हवे असतील तर पौर्णिमा. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, फार चढत नाही, पण आरशापुरतं पुरतं. दिनदर्शिकेतल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचावं, कारण पश्चिमेकडचा खेळ सूर्याच्या आधी सुरू होतो.

बांध शेतकऱ्यांचे आहेत. जाण्याआधी गावात विचारावं, आणि मोटारसायकल बांधावर कदापि चढवू नये. चिखलाचा बांध चाकांनी खचतो, पुढच्या उधाणाला तिथेच खांड पडते, खारं पाणी खाचरात शिरतं आणि मग त्या जमिनीत काही वर्षं भात होत नाही.